बाटलीवर दोन तारखा लिही

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. नव्या प्रयोगशाळेतल्या कपाटांची जबाबदारी तुझ्याकडे आली आणि तू सगळ्यात आधी आम्लांबद्दल विचारलंस. त्यांच्याविषयी पुढच्या पत्रात लिहीन. आम्ल अंगावर पडलं तर बहुतेक वेळा लगेच कळतं, त्यामुळे माणूस आपोआप जपून वागतो. (हायड्रोफ्लोरिक आम्ल याला अपवाद आहे. ते तुमच्याकडे असेल तर हात लावण्याआधी मला कळव.) मला काळजी वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. "खालच्या कप्प्यात ईथर, टीएचएफ वगैरे द्रावकं आहेत, काही जुनी दिसतात," असं एका ओळीत लिहून तू विषय संपवलास. हे पत्र त्या एका ओळीसाठी आहे. (टीएचएफ म्हणजे टेट्राहायड्रोफ्युरान, ईथरच्याच कुळातलं द्रावक.)

ईथर कपाटात नुसतं ठेवलं तरी बदलत राहतं. त्याच्या रेणूत ऑक्सिजनला लागून जो कार्बन असतो, त्यावरचे हायड्रोजन सहज सुटतात. हवेतला ऑक्सिजन नेमका तिथे शिरतो आणि पेरॉक्साइड हे स्फोटक संयुग तयार होतं. प्रकाशाने आणि उष्णतेने ही क्रिया वाढते आणि एकदा सुरू झाली की साखळीसारखी चालत राहते. बाटली उघडली, थोडं द्रावक काढलं, झाकण लावलं, की दर वेळी आत ताजी हवा जाते. बाटली जितकी रिकामी, तितकी आत हवा जास्त. त्यामुळे तळाशी बोटभर द्रव उरलेली बाटली भरलेल्या बाटलीपेक्षा जास्त धोक्याची असते. कपाट आवरताना नेमकं उलटं वाटतं; एवढंसंच तर आहे, टाकून देऊ, असं मनात येतं.

पेरॉक्साइड ईथरइतक्या सहज उडत नाही. डायइथिल ईथर ३४.६ अंश सेल्सिअसला उकळतं. झाकण किंचित सैल असलं तरी ते हळूहळू उडून जातं आणि पेरॉक्साइड मागे उरतं. भरपूर द्रावकात विरघळलेलं असताना ते शांत असतं, पण घट्ट झालं की धक्का, घर्षण, उष्णता यांपैकी काहीही पुरतं. ऊर्ध्वपातन करताना किंवा रोटाव्हॅपवर, म्हणजे फिरत्या फ्लास्कमधून द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर, ते पार सुकवताना स्फोट होतात ते याच कारणाने, कारण शेवटच्या काही मिलिलिटरमध्ये सगळं पेरॉक्साइड एकवटलेलं असतं. फ्लास्क कधीही कोरडा पडू देऊ नको. निदान दहा-वीस टक्के द्रव आत राहिलाच पाहिजे.

मी संशोधनाला सुरुवात केली त्या वर्षीची गोष्ट. एका सुट्टीच्या दिवशी मला कपाट आवरायला सांगितलं होतं. मागच्या रांगेत डायआयसोप्रोपिल ईथरची तपकिरी बाटली होती. लेबलवर नाव, शुद्धता, बॅच क्रमांक सगळं होतं, फक्त ती कधी उघडली ते नव्हतं. मी बाटली उचलून उजेडाकडे धरली तर तळाशी मीठ साचावं तसे पांढरे खडे दिसले. पाणी शिरलं असेल, उघडून बघू, असं मला वाटलं. हात झाकणावर गेला होता. तेवढ्यात आमच्या प्रयोगशाळेतले वयस्कर सहायक दारात आले. ते ओरडले नाहीत. अगदी हळू आवाजात म्हणाले, "आहे तशी टेबलावर ठेव, हळू, आणि माझ्याकडे ये." मी ठेवली. त्यांनी माझा दंड धरून मला बाहेर नेलं आणि दाराला कुलूप लावलं. संध्याकाळी स्फोटकं निकामी करणारं पथक येऊन ती बाटली घेऊन गेलं. झाकणाच्या आट्यांत स्फटिक अडकलेले असतील तर झाकण फिरवण्याचं घर्षणही पुरतं, हे मला त्या संध्याकाळी कळलं. रात्री झोप लागली नाही. आजही कुणी तपकिरी बाटली उचलून उजेडाकडे धरली की माझ्या पोटात खड्डा पडतो.

ती बाटली तिथे ठेवणारा माणूस निष्काळजी नसेलही. त्याचं काम संपलं, तो दुसरीकडे गेला, बाटली राहिली. पुढच्या माणसाला वाटलं ती कुणाची तरी आहे, आणि त्याच्या पुढच्यानेही तेच धरून चाललं. बहुतेक जुन्या बाटल्या अशाच जुन्या होतात. म्हणून माझा आग्रह आहे की प्रत्येक बाटलीवर दोन तारखा हव्यात: आली कधी आणि उघडली कधी. खाली उघडणाऱ्याचं नाव. शाईच्या पेनाने लिहू नको, द्रावकाचा एक ओघळ आला की शाई वाहून जाते. पेन्सिलने लिही आणि वर पारदर्शक चिकटपट्टी लाव. झाकण उघडायच्या आधी तारीख लिहायची, नंतर नाही. नंतर लिहीन म्हणणाऱ्यांच्या बिनतारखेच्या बाटल्या मी आयुष्यभर गोळा करत आले आहे.

मुदतीचं म्हणशील तर सगळी द्रावकं सारखी नाहीत. डायआयसोप्रोपिल ईथर सगळ्यात वाईट. ते घट्ट न करताही, नुसतं कपाटात बसून, धोक्याच्या पातळीला जातं. उघडल्यापासून तीन महिन्यांत ते संपलं पाहिजे किंवा विल्हेवाटीला गेलं पाहिजे. माझं ऐकशील तर ते मागवूच नको. डायइथिल ईथर, टीएचएफ आणि डायॉक्झेन यांना अनेक संस्था उघडल्यापासून सहा महिने देतात. मी दर तीन महिन्यांनी चाचणी करायला लावते. न उघडलेल्या बाटलीलाही वर्षभराचीच मुदत धर, आणि लेबलवरची मुदत त्याआधी संपत असेल तर ती धर. शिवाय नावात ईथर नाही म्हणून सायक्लोहेक्झीन, टेट्रालिन, डेकॅलिन, क्युमीन यांना वगळू नको. फार जुन्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्येसुद्धा पेरॉक्साइड सापडतं.

लेबलवर बीएचटी हे नाव दिसतं का ते बघ. ते प्रतिबंधक आहे, साखळी मध्येच तोडतं. पण ते करताना स्वतः खर्च होत जातं. त्यामुळे 'यात प्रतिबंधक आहे' हे वाक्य नव्या बाटलीबद्दल खरं असतं, जुन्या बाटलीबद्दल खरं असेलच असं नाही. एचपीएलसी या पृथक्करणाच्या तंत्रासाठीचं टीएचएफ तर बहुधा प्रतिबंधकाशिवायच येतं, आणि तू स्वतः ऊर्ध्वपातन केलेल्या द्रावकातलं प्रतिबंधक मागेच राहिलेलं असतं. असं द्रावक नायट्रोजन किंवा आर्गॉनखाली ठेव आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, वापरून टाक.

चाचणीसाठी पेरॉक्साइडच्या पट्ट्या मागव. पट्टी द्रावकात क्षणभर बुडवायची, द्रावक उडून जाऊ द्यायचं, मग पाण्याने ओलावायची आणि उमटलेला निळा रंग डबीवरच्या रंगांशी ताडायचा. पाण्याने ओलावण्याची पायरी लोक विसरतात. ईथरने भिजलेली पट्टी पाण्याशिवाय काही सांगत नाही, आणि कोरी पट्टी बघून माणूस निर्धास्त होतो. पट्ट्यांनाही मुदत असते. पेरॉक्साइड २५ पीपीएमच्या (दहा लाखांत २५ भागांच्या) खाली असेल तर द्रावक वापरता येतं. २५ ते १०० च्या मध्ये असेल तर ते आटवायचं नाही, ऊर्ध्वपातनाला लावायचं नाही. १०० च्या वर गेलं की ती बाटली वापरातून बाद. त्या दिवशीच सुरक्षा अधिकाऱ्यांना कळवायचं. आलेला आकडा आणि तारीख बाटलीवरच लिही. वहीत लिहिलेलं वही उघडणाऱ्यालाच दिसतं.

ही चाचणी फक्त अशाच बाटलीची करायची जिचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. आधी डोळे, मग तारीख, मग पट्टी, हा क्रम मोडू नको. स्फटिक, तळाशी तेलकट थर, गढूळपणा, झाकणाभोवती पांढरी कड, गंजलेला डबा, किंवा तारीखच नाही, यांपैकी एकही गोष्ट असेल तर ती बाटली उघडायची नाही, हलवायची नाही, 'फक्त बघते' म्हणून फिरवायचीही नाही. पट्टीला सगळ्या प्रकारची पेरॉक्साइडं दिसत नाहीत, म्हणून अशा बाटलीच्या बाबतीत ती कोरी आली तरी तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही. खोली रिकामी कर, दार बंद कर, दारावर चिठ्ठी लाव, सुरक्षा अधिकाऱ्यांना फोन कर. पुढचं काम त्याचं प्रशिक्षण घेतलेल्यांचं. तू जास्तीची सावधगिरी दाखवलीस म्हणून कुणी नाराज झालं तर होऊ दे, माझं नाव सांग.

अ‍ॅल्युमिनाची पूड भरलेल्या स्तंभातून गाळून किंवा फेरस सल्फेटच्या द्रावणाबरोबर हलवून पेरॉक्साइड काढता येतं. ते अगदी कमी प्रमाणासाठी आणि जाणकार माणूस शेजारी उभा असतानाच. नवी बाटली मागवणं केव्हाही बरं.

आता आगीबद्दल. १८४६ साली बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्यांनी डायइथिल ईथर हुंगवून जाहीरपणे भूल दिली आणि पुढची कितीतरी दशकं ते शस्त्रक्रियागृहांत वापरलं गेलं. त्यामुळे ते सौम्य आहे अशी समजूत अजून आहे. तिथून ते मागे पडलं त्यात त्याच्या पेट घेण्याचा मोठा वाटा होता. उणे ४५ अंशांनाही त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते. हवेत सुमारे दोन टक्के वाफ पुरते. ही वाफ हवेच्या अडीचपट जड, म्हणून ती वर न जाता टेबलावरून, जमिनीवरून सरपटत जाते आणि दूरच्या ज्योतीपाशी पेटून उलट बाटलीपर्यंत येते. हॉट प्लेटला तर ठिणगीही लागत नाही, तिचा तापलेला पृष्ठभागच वाफ पेटवू शकतो. तापवायचं तर वॉटर बाथवर, वाफ बाहेर ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडमध्ये.

"थंड ठेवलं तर बरं ना?" हे मला दरवर्षी कुणीतरी विचारतं. साध्या फ्रिजमध्ये कधीच नाही. त्याचा दिवा आणि थर्मोस्टॅट यांची ठिणगी बंद पेटीत साठलेल्या वाफेला पुरते. ज्वालाग्राही द्रवांसाठी आतून ठिणगीरहित बनवलेले फ्रिज वेगळे मिळतात. तिथेही थंडीने पेरॉक्साइड बनणं थांबत नाही. ज्वालाग्राही द्रवांचं कपाट, अंधार, घट्ट झाकण, नायट्रिक आम्लासारख्या ऑक्सिडीकारकांपासून दूर, एवढं पुरे. हातमोज्यांचं एकच सांगते: पातळ नायट्राइल मोज्यांतून टीएचएफ फार लवकर आत येतं. शिंतोडा उडाला की मोजा लगेच बदल.

टीएचएफ कोरडं करण्यासाठी सोडियम आणि बेंझोफिनोन घालून ते दिवसेंदिवस उकळत ठेवायची पद्धत आमच्या वेळी सर्रास होती. गडद निळा-जांभळा रंग ही द्रावक कोरडं झाल्याची खूण, तो आला की आम्हाला आनंद व्हायचा. १९९६ साली रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अ‍ॅल्युमिनाच्या स्तंभांतून द्रावक नेऊन ते उष्णतेशिवाय कोरडं करायची पद्धत मांडली. तुमच्याकडे ते स्तंभ नसतील तर मागणी लावून धर. आणि प्रत्येक कृतीत डायइथिल ईथरच हवं असं नसतं. बऱ्याच वेळा मिथिल टर्शरी ब्यूटिल ईथर किंवा सायक्लोपेंटिल मिथिल ईथर चालतं, त्यांत पेरॉक्साइड कितीतरी सावकाश बनतं. मागवताना लहान बाटली मागव, मोठी स्वस्त पडत असली तरी.

टाकाऊ द्रावकाच्या बाटलीतही हेच सगळं घडत असतं. तिच्यावरही तारीख हवी.

सोमवारी गेल्यावर कपाट आवरायला घेऊ नको. गॉगल लाव, टॉर्च आणि वही घे, दार अलगद उघड आणि बाटल्यांना हात न लावता दिसतं तेवढं लिहून काढ: नाव, तारीख, द्रव किती उरला आहे, झाकणाभोवती काही साचलं आहे का. मागच्या रांगेतली लेबलं दिसली नाहीत तर 'दिसलं नाही' असंच लिही, पुढच्या बाटल्या सरकवू नको. यादी मला पाठव, आपण एकेक ओळ बोलू. त्यात डायआयसोप्रोपिल ईथर सापडलं तर यादी पुरी व्हायची वाट बघू नको. दार लोट, बाहेर ये आणि आधी सुरक्षा अधिकाऱ्यांना, मग मला फोन कर.

तुझी,
मॅडम