आवक टाकल्याशिवाय नाही

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

रविवारी नेरुळहून ठाण्याला परतताना गाडीत खिडकीची जागा मिळाली, तरी डोळा लागला नाही. तुझ्या कॉम्प्युटरच्या टेबलाखालचा तो खोका नजरेसमोरून हलत नव्हता. महावितरणची बिलं, पप्पांच्या औषधांच्या पावत्या, मिक्सरची वॉरंटी, आणि या सगळ्यात सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, त्याला पिझ्झाचं कूपन चिकटलेलं. शेजारी तू बारा रंगीत फायली घेऊन बसलेली. "काका, कोणत्या रंगात काय घालू?"

मी चहा पीत "बघू" म्हणालो. खरं उत्तर तोंडावर आलं होतं, पण पप्पांना जाऊन पाचच महिने झालेत, म्हणून गिळलं. आता लिहितो. फायली दुकानात परत दे. रंगाने काही होत नाही.

मी एकतीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढली. टपाल आलं की पाकीट फोडायचं, कागदावर तारखेचा शिक्का, नोंदवहीत नंबर, मगच तो कागद साहेबांच्या टेबलावर. शिक्का नाही तो कागद आलाच नाही, असं आम्ही धरायचो. लोक हसायचे. हसू देत. पुढे भांडण निघालं की तेच लोक माझ्या नोंदवहीपाशी यायचे, कोणत्या तारखेला आलं ते बघायला.

घरात तेच कर. कागद दारातून आत आला की त्याच दिवशी पाकीट फोड आणि उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख टाक. खाली दोन शब्द, काय करायचं आणि कधीपर्यंत. काम झालं की 'द.दा.', म्हणजे दप्तरी दाखल. शिक्काही नको, नोंदवहीही नको. पेन्सिल पुरे. पण आवक, म्हणजे ती आल्याची तारीख, टाकल्याशिवाय कागद टेबलावर ठेवायचा नाही. प्रिंटरवर नाही, फ्रीजवर तर मुळीच नाही.

फ्रीजवर का नाही, ते सांगतो. 2009 साली काकूचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. मेडिक्लेमचे कागद मी भरले, नीट भरले. मग कंपनीचं पत्र आलं, मूळ डिस्चार्ज कार्ड पंधरा दिवसांत पाठवा. ते पत्र फ्रीजवर पंचांगाखाली गेलं आणि दिवाळीची साफसफाई निघाली तेव्हा सापडलं. न फोडलेलं. त्रेचाळीस हजार गेले. दिवसभर दुसऱ्यांच्या टपालावर शिक्के मारणारा माणूस मी, आणि माझ्या घरचं पाकीट तसंच. काकू हे अजून ऐकवते. आता तूच सांग, सकाळी 7.52 ची गाडी, रात्री आठला घरी, मधे दवाखान्याच्या फेऱ्या, कोण बघणार पाकिटं? शिवाय ते पत्र वर ठेवलं कोणी, हेही कधी ठरलं नाही. मी तरी ठेवलं नव्हतं. जाऊ दे.

तू म्हणालीस, सगळं स्कॅन करून टाकते. कर. आधार, लायसन्स डिजिलॉकरमध्ये आहेत, ते बरंच आहे. पण न वाचता स्कॅन केलेलं पत्र न वाचलेलंच राहतं, फक्त फ्रीजऐवजी मोबाईलमध्ये. आणि घराच्या कागदाचा फोटो बँकेत दाखवलास तर माणूस तुझ्याकडे बघेल आणि म्हणेल, ओरिजिनल आणा. तुमचं घर सिडकोच्या जमिनीवरचं, पप्पांनी पहिल्या मालकाकडून घेतलेलं. तेव्हा पहिल्या मालकाचं अलॉटमेंट लेटर, दोघांमधला करारनामा, इंडेक्स टू म्हणजे नोंदणी कार्यालयाचा उतारा, सिडकोचं ट्रान्स्फर लेटर, ही सगळी साखळी लागते. एक कडी हरवली तर विकताना गिऱ्हाइकाचा वकील तिथेच बोट ठेवतो. वीजबिल अजून त्या पहिल्या मालकाच्याच नावाने येतंय, हेही मी पाहिलं.

शेअर सर्टिफिकेटला लॅमिनेशन करू नकोस. मागची बाजू उलटून बघ, तिथे हस्तांतराच्या नोंदीचे रकाने आहेत. पप्पांच्या जागी तुमचं नाव चढेल ते तिथेच. प्लास्टिकवर सेक्रेटरी काय लिहिणार? पंच पण मारू नकोस. स्टेपलरच्या पिना काढ, आपल्याकडच्या हवेत त्या गंजतात आणि गंज कागद खातो. हिरवा टॅग आण, नाहीतर साधा एल-फोल्डर. दुकानाच्या त्या गुळगुळीत पावत्या उष्णतेवर छापतात, वर्षा-दोन वर्षांत कोऱ्या होतात. महत्त्वाची असेल तर लगेच झेरॉक्स काढ. सोसायटीत जाऊन पप्पांनी नॉमिनेशन केलं होतं का ते विचार. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसांचा हक्क वेगळा, पण कागदपत्र तिथूनच पुढे सरकतं.

खोक्यात एक पासबुक दिसलं, शेवटची नोंद 2011 ची. घाबरू नकोस. दहा वर्षं खात्यात व्यवहार नसला की पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, बुडत नाहीत. आधी रिझर्व्ह बँकेच्या उद्‌गम पोर्टलवर, पडून राहिलेल्या ठेवी शोधायची ती वेबसाइट, पप्पांच्या नावाने शोध, मग त्याच बँकेत दावा लाव. ते देतात.

आणि कर्ज. मागच्या वर्षी फिटलं म्हणालीस, पण ना हरकत पत्र मला कुठे दिसलं नाही. 1 डिसेंबर 2023 पासून नियम आहे, कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. आता दिवस कुठून मोजशील? शेवटचा हप्ता भरल्याची पावती कोणत्या तारखेची? माहीत नाही ना? म्हणूनच मी तारीख तारीख करतो.

काय फेकायचं, हा तुझा दुसरा प्रश्न. त्याला कशाला इतकं घाबरतेस? मिक्सरचं माहितीपुस्तक फेक. वीजबिलं वर्षभराची ठेव. इन्कम टॅक्सचं मी आठ वर्षं ठेवतो, थोडं जास्तच आहे, पण झोप लागते. घराचं, कर्जाचं, जन्म-मृत्यूचं काही फेकायचं नाही. बाकीचं रद्दीवाल्याला, नाव-पत्ता फाडून.

खाली लेटरबॉक्सच्या रांगेत तुमच्या पेटीची कडी तुटलीय, हे तुला माहीत आहे का? पावसाचं पाणी थेट आत जातं. साठ-सत्तर रुपयांचं कुलूप आण. आणि प्रिंटरवर जे खाकी पाकीट होतं, सोमवारपासून पडलंय म्हणालीस, ते मी उघडणारच होतो. काकूने डोळे वटारले म्हणून थांबलो.

हे व्हॉट्सॲपवर पाठवता आलं असतं, काकू तेच म्हणतेय. मी पोस्टानेच टाकतोय. पोचलं की वर उजव्या कोपऱ्यात तारीख टाक.

तुझा,
काका