फिशर: तेल लावावं की मलम?

प्रश्न: शौचाला बसलं की काच फिरवल्यासारखं दुखतं, वर लाल रक्ताचे थेंब. सासूबाई जात्यादी तेल लाव म्हणतात, डॉक्टरांनी डिल्टियाझेमचं मलम दिलंय. कुणाचं ऐकू?

दोघांचंही ऐकण्यासारखं आहे, कारण दोन्हींची कामं वेगळी आहेत. फिशर म्हणजे गुदद्वाराला पडलेली चीर. ती पडली की तिथला आतला स्नायू आवळून धरतो, आणि तो आपल्या मनाने सैल सोडता येत नाही. आवळल्यामुळे तिथे रक्त कमी पोचतं, चीर भरत नाही. दुसऱ्या दिवशी कडक खडा झाला की ती पुन्हा उसवते. डिल्टियाझेम (2 टक्के) हा स्नायू सैल करतं. तेलाने जागा ओशट राहते, आग शमते, घासणं कमी होतं. आयुर्वेदात या दुखण्याला परिकर्तिका म्हणतात, म्हणजे कात्रीने कापल्यासारखी वेदना. नाव अगदी नेमकं आहे. पण स्नायू सैल करण्याच्या बाबतीत तेलाकडे मलमाइतका पुरावा नाही.

म्हणून दुखणं नवं असेल तर तेल, दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्याच्या टबात बसणं आणि इसबगोल एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. सहा आठवडे उलटून गेले असतील तर मलम टाळू नका. दोन्ही एकदम लावू नका; आग झाली तर कशाने झाली ते कळत नाही. जात्यादीत मोरचूद (तांब्याचा विषारी क्षार) असतं, त्यामुळे सुटं तेल नको, परवाना असलेली बंद बाटलीच घ्या.

प्रश्न: आठवड्यात बरं वाटलं म्हणून मलम बंद केलं. परत तेच सुरू झालं.

दुखणं आधी थांबतं, चीर मागाहून भरते. सहा ते आठ आठवडे लावायचं. वाटाण्याएवढं मलम, बोटावर हातमोजा, कडेला आणि किंचित आत. मलमासोबत शौच मऊ राहिलंच पाहिजे, नाहीतर सगळी मेहनत वाया.

प्रश्न: नायट्रोग्लिसरीनचं मलम लावलं की डोकं ठणकतं.

त्याने रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून. डॉक्टरांना सांगा, डिल्टियाझेमने हा त्रास कमी होतो. सिल्डेनाफिलसारखी (लैंगिक ताठरतेसाठीची) गोळी घेत असाल तर नायट्रोग्लिसरीनचं मलम मुळीच नको, रक्तदाब धोकादायक घसरतो.

प्रश्न: कुंडीतल्या कोरफडीचा गर चालेल?

नको. सालीलगतच्या पिवळ्या चिकाने जखमेची आग वाढते.

प्रश्न: चार महिने मूळव्याध समजून घरीच तेल लावतेय. दाखवायची लाज वाटते.

ताई, चार महिने फार झाले. बहुतेक वेळा कुशीवर झोपवून, जागा नुसती पाहूनच निदान होतं. दोन मिनिटंही लागत नाहीत. खूप दुखत असेल तर आत बोट घालायची गरज नसते. हवं तर बाई डॉक्टर मागा, सोबत कुणाला तरी थांबवा. ताप, पू, वजन घटणं किंवा काळपट रक्त यांपैकी काहीही असेल तर याच आठवड्यात जा.