रेझर मवाळ, पातं धारदार

चि. भाच्यास,

अनेक आशीर्वाद.

ताईने तुझ्या मानेचा फोटो पाठवला. कॉलरच्या रेषेवर लाल पुळ्या आहेत आणि उजव्या बाजूला दोन ठिकाणी केस कातडीखाली गोल वळून अडकलेला दिसतो. त्यातल्या एखाद्या पुळीत पू असेल तर हे पत्र बाजूला ठेव, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा आणि ते सांगतील तोवर दाढीला हात लावू नकोस. पू नसेल तर पुढचं वाच.

तुझ्या रक्तात उष्णता वाढलेली नाही, हॉस्टेलच्या जेवणाचाही हा दोष नाही. तुझे केस आजोबांवर गेलेत, राठ आणि कुरळे, आणि तू पाच पात्यांचं कार्ट्रिज वापरतोस. त्यात पुढचं पातं केसाला ओढून किंचित वर आणतं, तो मागे सरायच्या आत मागचं पातं त्याला कापतं, आणि उरलेला खुंट कातडीच्या पातळीखाली जाऊन बसतो. सरळ केस असेल तर तो गुपचूप बाहेर येतो. कुरळा केस वाढताना वळतो आणि आतच घुसतो. म्हणून तुला एकच पातं हवं, जे केस कातडीच्या पातळीवर कापेल आणि तिथेच थांबेल.

ठाण्याच्या ब्लेड कारखान्यात मी सव्वीस वर्षं धार लावायच्या खात्यात काढली, हे तुला माहीत आहे. तिथे काय चालायचं ते मात्र तू कधी विचारलं नाहीस. आज सांगतो, कारण त्यावरूनच पातं कसं निवडायचं ते कळेल.

पोलादाची पट्टी गुंडाळीत यायची, जाडी मिलिमीटरचा दहावा भाग, त्यात तेरा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम. आधी त्या पट्टीत मधली फट पाडायची. मग ती अकराशे अंशांच्या आसपास तापलेल्या भट्टीतून काढून झटकन थंड करायची, पुढे शून्याच्याही खूप खाली न्यायची आणि मग पुन्हा बेताने तापवायची. एवढं झाल्यावर पोलाद कडक होतं आणि तरीही पात्याला वाकता येतं. नंतर धार: आधी जाड दगड, मग बारीक, आणि शेवटी चामड्याची चाकं. न्हावी चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासायचा ना, तेच काम यंत्राने. या सगळ्याच्या शेवटी धारेचं टोक केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही बारीक उरतं. असं टोक उघडं ठेवलं तर पहिल्याच दाढीत मोडेल. म्हणून निर्वात पेटीत त्यावर क्रोमियम किंवा प्लॅटिनमसारख्या धातूचा अतिशय पातळ थर चढवतात, वर टेफ्लॉन फवारतात आणि ते वितळून पसरेपर्यंत भाजतात. पाकिटावर ‘प्लॅटिनम’ लिहिलेलं असतं ते या थराबद्दल.

आता यातून तुझ्या कामाचं. धार आणि सुळसुळीतपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धार दगडातून आणि चामड्यातून येते, सुळसुळीतपणा लेपातून. एखादं पातं फार धारदार असूनही चेहऱ्यावर खरखरतं. दुसरं मऊ चालतं पण राठ केसाला अडतं, आणि अडलं की आपण नकळत हात दाबतो. मी पाहिलेल्या बहुतेक जखमा बोथट पात्याच्या होत्या. राठ केसाच्या माणसाने मऊ आहे म्हणून कमी धारेचं पातं घेऊ नये. धार चांगली घ्यावी आणि मवाळपणा रेझरमध्ये शोधावा. दुकानात उभा राहशील तेव्हा एवढं आठवलं तरी पुरे.

रेझर मवाळ म्हणजे काय ते सांगतो. दुधारी रेझर, म्हणजे दोन्ही कडांना धार असलेलं एकच सुटं पातं बसवायचा रेझर, बाजूने डोळ्यासमोर धर. वरची टोपी, खालची कड आणि मधून डोकावणारं पातं दिसेल. पातं आणि खालची कड यांतली फट जितकी मोठी आणि पात्याची धार जितकी बाहेर, तितका रेझर तिखट. खालच्या कडेला कंगव्यासारखे उघडे दाते असतात तो प्रकार वाढलेल्या दाढीला बरा, रोजच्या दाढीला तुला नको. तुला सलग कडेचा, अरुंद फटीचा रेझर हवा. फट कमी-जास्त करता येणारे रेझरही मिळतात. ते वाईट नाहीत, पण शिकताना नकोत, कारण आकडा फिरवायचा मोह होतो आणि मग चूक हाताची होती की आकड्याची ते कळत नाही.

दांडा फिरवला की फुलपाखरासारखी टोपी उघडणारा रेझर तुला दुकानदार आधी दाखवेल. दिसायला छान, पातं बदलायला सोपा. पण तुमच्या हॉस्टेलला बोअरवेलचं जड पाणी आहे. वर्षभरात त्या बिजागऱ्यांत क्षार आणि साबण साचून टोपी नीट मिटेनाशी होते, आणि टोपी नीट मिटली नाही की पातं एका बाजूला जास्त बाहेर येतं. तू तीन तुकड्यांचा घे: टोपी, तळ, दांडा. सुटा होतो, जुन्या टूथब्रशने घासून स्वच्छ होतो, बिघडण्यासारखं त्यात काही नाही.

नावं विचारशील म्हणून सांगतो. जर्मनीतल्या झोलिंगेन गावचा मेर्कूर आणि सॅक्सनीतला म्यूले यांचे साधे रेझर मवाळ आणि अचूक असतात, पण महाग. पार्कर आपल्याच देशात तयार होतो. त्याचा सलग कडेचा, तीन तुकड्यांचा रेझर घेतलास तर काही चुकणार नाही. बहुतेक रेझरचं डोकं जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव असतं, वर क्रोमचा मुलामा. त्याचे आटे फार पिळू नकोस, तुटतात. पितळेचं किंवा स्टेनलेस स्टीलचं डोकं जन्मभर टिकतं, पण ती खरेदी दोन वर्षांनी कर.

आणि एक. आजोबांचा जुना रेझर आईच्या कपाटात, शिवणाच्या डब्याशेजारी आहे. तो पितळेचा आहे, मुलामा थोडा उडालाय एवढंच. भांड्याच्या साबणात अर्धा तास भिजव, ब्रशने घास, पातं लावून दोन्ही बाजूंनी सारखं बाहेर दिसतं का बघ. दिसलं तर नवीन रेझर घ्यायची गरजच नाही. माझा आग्रह नाही, पण तो तुझ्याकडे आला तर मला फार बरं वाटेल.

पात्यांचं एक बरं आहे: कोणतंही दुधारी पातं कोणत्याही दुधारी रेझरला बसतं. जिलेटने १९०३ मध्ये हा प्रकार विकायला काढला, तेव्हा वर्षभरात फक्त ५१ रेझर गेले. इतक्या पातळ पोलादाला धार लावता येणार नाही असं जाणकार सांगत होते. निकर्सन नावाच्या इंजिनिअरने ते जमवून दाखवलं, १९०४ मध्ये पेटंट मिळालं आणि पुढे दुधारी पात्याचा एकच आकार जगभर रूढ झाला. म्हणून कार्ट्रिजसारखं तू एका कंपनीशी बांधला जात नाहीस. आवडलं नाही तर पुढचं पाकीट दुसरं. आणि किराणा दुकानात एक पातं अजूनही थोडक्या रुपयांत मिळतं.

तरीही पहिल्याच दिवशी दहा प्रकार आणू नकोस. तीन आण. एक सेव्हन ओ’क्लॉकचं पिवळं किंवा काळं पाकीट, एक सुपरमॅक्स किंवा टोपाझ, आणि मिळालं तर हिरवं अॅस्ट्रा. जपानी फेदर सगळे वाखाणतात. धार खरंच अप्रतिम आहे, पण हात बसायच्या आधी ते घेऊ नकोस. रेझर तोच, साबण तोच, पाणी तेच, फक्त पातं बदलायचं. एका पात्यावर तीन दाढ्या, मग दुसरा प्रकार. वहीत दोन शब्द लिही: ओढलं का, नंतर आग झाली का. पहिल्या दाढीवरून निकाल देऊ नकोस. नव्या पात्याच्या टोकावरचा जादा टेफ्लॉन पहिल्या दाढीत मागे सरतो, त्यामुळे बरीच पाती दुसऱ्या दाढीला जास्त मऊ चालतात. एका पात्यावर किती दाढ्या व्हाव्यात याला नियम नाही. तुझ्या केसाला तीन-चार धर. गालावर पातं ओढायला लागलं की त्याच दिवशी टाकायचं.

पोलादाला केस कसा काय बोथट करतो, असं मला कारखान्यात नवीन आलेली पोरं विचारायची. केस त्याच्याहून पन्नासपट मऊ. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या मंडळींनी सूक्ष्मदर्शकाखाली पात्याने केस कापून पाहिले. केस पात्यापुढे वाकतो आणि धारेच्या एखाद्या कच्च्या जागेवर तिरका ताण देतो, तिथे कपचा उडतो. म्हणून केस भिजवून मऊ करणं हे पात्यासाठीसुद्धा आहे. आंघोळीनंतर दाढी कर, किंवा कोमट पाण्याचा टॉवेल दोन-तीन मिनिटं ठेव. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, नुसता चोथा होतो. फेसापुरतं वाटीभर पाणी कूलरचं, फिल्टरचं घे. त्या वाटीभर पाण्याने तुझी अर्धी आग कमी होईल.

पातं बसवताना नेहमी दोन आखूड टोकांना धर. काम झाल्यावर पाण्याखाली धुऊन झटक, पण टॉवेलने पुसू नकोस. सव्वीस वर्षांत ज्या लेपासाठी आम्ही डोळ्यांत तेल घालून बसायचो, तो लेप आणि ती धार कापडाच्या एका फटक्याने खराब होते.

आता हात. दांडा टोकाकडे धर, म्हणजे दाब देताच येणार नाही. रेझरचं वजन पुरतं. टोपी गालाला टेकव आणि दांडा हळूहळू खाली आण. पातं केसाला भिडलं की बारीक कुरकुर ऐकू येते, तो तुझा कोन. साधारण तीस अंश म्हणतात, पण मोजण्यापेक्षा ऐक. आवाज बंद झाला तर कोन सुटला किंवा त्या जागी केस संपले, दोन्ही वेळा थांबायचं.

दाढी करायच्या आधी, दोन दिवसांचे खुंट असताना, मानेवरून बोटं फिरव. गालावर केस खाली वाढतात, मानेवर मात्र बहुतेकांचे आडवे, कुणाचे उलटे, कंठमण्याजवळ तर भोवऱ्यासारखे. ज्या दिशेला हात सरकतो ती सुलट. महिनाभर तू फक्त सुलटा हात चालव, पुन्हा फेस लावून दुसऱ्यांदाही सुलटाच. मग गालावर आडवा करून बघ. मानेवर उलटा हात नाही, कोणी कितीही सांगो. माझ्या साखरपुड्याच्या सकाळी गुळगुळीत दिसावं म्हणून मी नवं पातं लावून मानेवर दोनदा उलटा हात फिरवला होता. दुपारी पाहुण्यांसमोर पांढऱ्या कॉलरवर रक्ताचे ठिपके होते आणि पुढचे आठ दिवस मान वळवता येत नव्हती. त्या पात्यात काही दोष नव्हता, मी घाई केली होती.

झाल्यावर गार पाणी आणि तुरटीचा ओला खडा. तुरटी जिथे जास्त झोंबेल तिथे तू दाबलंस असं समज. मिनिटाने धुऊन टाक, सुगंधी लोशन सध्या नको.

वापरलेली पाती कचऱ्यात सुटी टाकायची नाहीत. कचरा वेचणाऱ्या बाईचा हात कापला तर तिची दिवसाची मजुरी जाते, जखम चिघळते ती वेगळीच. दूध पावडरचा रिकामा पत्र्याचा डबा घे, झाकणाला चीर पाड, त्यात टाकत जा. माझा डबा भरायला सहा वर्षं लागली. आणि दिवाळीला विमानाने येणार असशील तर पाती केबिनच्या बॅगेत ठेवू नकोस, तपासणीत काढून घेतात. नुसता रेझर आण, पाती इथे आहेत.

तीन आठवड्यांनी मानेचा उजव्या बाजूचा फोटो पाठव, खिडकीच्या उजेडात काढलेला. वहीचं पानही पाठव.

तुझा,
मामा