रक्त पातळ करायची गोळी चालू असताना डायचा सीटी स्कॅन केला तर चालतं का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना हार्टच्या ठोक्यांसाठी (एट्रियल फिब्रिलेशन) डाबिगाट्रान चालू आहे, पोटाचा सीटी डाय (स्कॅनमध्ये अवयव ठळक दिसावेत म्हणून देतात ते औषध) देऊन करायचाय आणि कुणीतरी सांगितलं गोळी दोन दिवस आधी बंद करा. मी सीटी टेक्निशियन आहे, हा प्रश्न आमच्याकडे कायम येतो, म्हणून आधी हेच सांगतो की प्लीज स्वतःच्या मनाने बंद करू नका. ठोके अनियमित असले की हार्टमध्ये गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली की स्ट्रोक, त्यासाठीच तर ते औषध दिलेलं असतं.

सीटीचा डाय आयोडिनचा असतो, हाताच्या शिरेतून देतात. त्याची आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाची थेट अशी काही मोठी रिअ‍ॅक्शन नाही, मग ते वॉर्फरिन असो, अ‍ॅसिट्रॉम असो नाहीतर डाबिगाट्रान. सुई काढल्यावर जरा जास्त वेळ दाबून धरावं लागतं एवढंच.

बरेच लोक इथे गोंधळतात, ज्या गोळीबद्दल आम्ही मुद्दाम विचारतो ती शुगरची मेटफॉर्मिन, किडनी कमजोर असेल तर ती स्कॅनच्या दिवसापासून ४८ तास थांबवायला सांगतात, आणि घरचे ऐकताना सगळ्याच गोळ्या बंद करून टाकतात!

खरी काळजी किडनीची. डाय लघवीवाटे बाहेर जातो आणि डाबिगाट्रानसुद्धा जवळजवळ ८० टक्के किडनीतूनच जातं. किडनी आधीच कमजोर असेल आणि डायने आणखी ताण आला तर औषध शरीरात साठतं आणि ब्लीडिंगचा धोका वाढतो (वॉर्फरिन लिव्हरमध्ये मोडतं म्हणून तिथे हा प्रश्न कमी). त्यामुळे स्कॅनच्या आधी क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्त तपासणीचा) ताजा रिपोर्ट हवाच, त्यावरून निघणारा ईजीएफआर (किडनी किती काम करते त्याचा आकडा) ३० च्या खाली असेल तर आधी डॉक्टरांशी बोलणं होऊ द्या, डाय न देता स्कॅन किंवा सोनोग्राफी चालेल का तेही विचारा. किडनी कमजोर असूनही डाय द्यावाच लागला तर दोन-तीन दिवसांनी क्रिएटिनिन परत करून घ्या, कारण ते लगेच वाढलेलं दिसत नाही.

उपाशी या म्हटलं म्हणजे पाणीही बंद असं धरू नका, सेंटरला फोन करून विचारा, पाणी पोटात गेलेलं किडनीला बरंच असतं. पण हार्ट फेल्युअरसाठी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर तेच पाळा.

आणि हे सगळं सीटीचं झालं. अँजिओग्राफीत मनगटातून नाहीतर जांघेतून धमनीत नळी घालतात, बायोप्सीत सुई आत जाते, तिथे औषध कधी थांबवायचं ते कार्डिओलॉजिस्ट तारखेनिशी लिहून देतात, ते लेखीच घ्या.

स्कॅननंतर काळी शी, लघवीत रक्त, हिरड्यांतून रक्त किंवा लघवी कमी होणं यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता दवाखान्यात न्या आणि तिथे डाबिगाट्रान चालू आहे हे पहिल्यांदा सांगा, त्यावर उतारा म्हणून वेगळं इंजेक्शन असतं.