मॅडम, कांद्यानं केस येतेत का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी समुपदेशक आहे. हा प्रश्न महिन्यातून चार-पाचदा तरी माझ्यापुढे येतो. कधी कांद्याऐवजी रोजमेरी या वनस्पतीचं तेल असतं, कधी आठवडी बाजारातलं बिनलेबलचं तेल. विचारणारा बहुतेक पंचवीस-तीसच्या आतला, लग्नाचा, आणि घरच्यांना न सांगता आलेला. अशाच एका मुलाबद्दल त्याच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आई त्याला बाबू म्हणते, म्हणून मीही बाबूच म्हणते.

बाबू सव्वीस वर्षांचा. सात एकर कोरडवाहू, पऱ्हाटी म्हणजे कपाशी, आणि तूर. मे महिन्यात बाहेर चव्वेचाळीस अंश असताना तो लोकरीची टोपी घालून माझ्यासमोर बसला होता. टोपी काढायच्या आधी त्याने खिशातून वर्तमानपत्राच्या कागदाच्या पुड्या काढल्या, सात-आठ. प्रत्येक पुडीवर बॉलपेनने तारीख आणि आकडा. 83. 97. 71. रोज कंगव्यात आणि उशीवर आलेले केस तो मोजून बांधून ठेवत होता.

"पाहा ना मॅडम, कितीक चालले हे."

मी आकडे वाचले आणि त्याला सांगितलं की रोज पन्नास ते शंभर केस कोणाच्याही डोक्यावरून गळतात. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात, त्यातले काही रोज आपली पाळी संपवतात आणि त्यांच्या जागी नवे येतात. तुझ्या पुड्यांमधले आकडे चारचौघांसारखेच आहेत. तो माझ्याकडे पाहतच राहिला. इतके दिवस पुड्या जपून ठेवणाऱ्या माणसाला असं एका वाक्यात सांगावं का, असं मला क्षणभर वाटलं. पण ते सांगणं गरजेचं होतं, कारण त्याची अडचण गळण्याच्या आकड्यात नव्हती.

मग त्याने टोपी काढली. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांत केस मागे सरकलेले, टाळूवर विरळ. आणि कपाळालगतची कातडी लाल, दोन ठिकाणी काळपट. तो कांद्याचा रस रात्रभर ठेवत होता, त्यात लसूणही वाटून घालत होता.

"शेगावकडं झालतं, ते तं नाही ना हे?" त्याने घाबरत विचारलं.

ही भीती अजून आपल्या भागात आहे. डिसेंबर 2024 आणि जानेवारी 2025 मध्ये बुलडाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमध्ये लोकांचे केस तीन-चार दिवसांत हातात येत होते. बाया, म्हातारे, लेकरं, सगळ्यांचेच. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत तिथल्या लोकांमध्ये सेलेनियम या खनिजाचं प्रमाण वाढलेलं आढळलं होतं. पुढे अनेकांचे केस परतही आले. बाबूचं तसं नव्हतं. त्याचं तीन वर्षांपासून हळूहळू चाललं होतं आणि ठरलेल्या जागीच. वडिलांचे केस चाळिशीत गेलेले, मोठ्या मामाचेही.

अनुवंशिक केस जाण्यात मूळ मरत नाही, आधी बारीक होत जातं. शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं संप्रेरक बनतं. ज्यांच्या केसांची मुळं त्याला जन्मतःच हळवी असतात, त्यांचा प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड उगवतो. हे वारशात आईकडूनही येतं आणि बापाकडूनही. टोपीने, बोअरच्या पाण्याने किंवा फवारणीच्या घामाने ते सुरू होत नाही. बाबूने बोअरच्या पाण्याने डोकं धुणं वर्षभर बंद केलं होतं. विहिरीवरून बादल्या आणायची त्याची आई.

चौदा महिन्यांत त्याने अकरा हजार रुपये घातले होते. हिशेब त्याच्या मोबाईलमध्ये होता. कांद्याचं तेल, रोजमेरीचं, एक 'जडीबुटी'ची बाटली चौदाशेची. शिवाय आई नाल्याच्या काठचा माका आणून खोबरेल तेलात उकळून द्यायची. हे सगळं एकाच वेळी चालू होतं.

इथे मला पुस्तकी बोलावं लागलं नाही. मी विचारलं, नवीन औषध पऱ्हाटीवर मारतोस तेव्हा चाललं की नाही, हे कसं ओळखतोस?

"दोन-तीन तासं, म्हनजे ओळी, सोडतो ना. बिनफवारणीची. नाहीतं पाणी आलं तरी पऱ्हाटी हिरवी होते, औषधानंच झाली असं वाटते."

मग त्याच नजरेने आम्ही एकेक बाटली पाहिली. कांद्याच्या रसाचा जो अभ्यास सगळीकडे सांगितला जातो तो बगदादचा, 2002 सालचा. 23 जणांना रस लावला, सहा आठवड्यांत 20 जणांचे केस आले. पण ते सगळे चाईचे रुग्ण होते. चाई म्हणजे गोल चट्टे पडतात ते. तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच मुळांवर उलटते आणि बऱ्याचदा ते आपोआपही भरून येतं. कांद्याचा तो दाखला बाबूच्या डोक्याला लागू पडत नाही. हे म्हणजे तुरीचं औषध पऱ्हाटीवर मारण्यासारखं झालं.

रोजमेरीचा अभ्यास मात्र त्याच्याच प्रकारच्या केसांवर झाला आहे, इराणमध्ये, 2015 साली, 100 पुरुषांवर. अर्ध्यांना रोजमेरी तेल, अर्ध्यांना 2 टक्के मिनॉक्सिडिल, म्हणजे डोक्याला लावायचं केसांचं औषध. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत थोडी वाढ दिसली, दोघांत मोठा फरक नव्हता. हे ऐकून बाबू खूश झाला, पण लगेच थांबला. "बिनफवारणीचं तास कुठं हाये मॅडम यात?" नव्हतंच. काहीच न लावणारा गट त्या अभ्यासात नव्हता. मी त्याला म्हटलं, रोजमेरी वाईट नाही, पण एका लहान अभ्यासावर वर्षभराचे पैसे टाकायचे का, हे तू ठरव. आणि लावायचीच तर पातळ करून, नाहीतर कातडी पोळते.

माक्यावर उंदरांवरचे प्रयोग आहेत. माणसांवरचा भक्कम पुरावा नाही. आईच्या तेलातलं खोबरेल मात्र केसाच्या दांड्यातली प्रथिनं कमी झिजू देतं, म्हणून केस कमी तुटतात. मुळाशी चाललेलं त्याने थांबत नाही. हे मी बाबूला सांगितलं; आईला त्याने तितकंच सांगावं असं आम्ही ठरवलं, की तेल चांगलं आहे, रविवारी लावतो.

चौदाशेच्या बाटलीवर नाव नव्हतं, घटक नव्हते, तारीख नव्हती. ती मी त्याला तिथेच बंद करायला सांगितली. अशा बाटल्यांमध्ये स्टिरॉइडही असू शकतं. 1945 च्या औषध नियमांतल्या अनुसूची 'जे'मध्ये ज्या आजारांवर बरं करण्याचा दावा औषधाला करता येत नाही, त्या यादीत टक्कल आहे. म्हणजे 'टक्कल मुळापासून बरं' असं जो छापतो तो इथेच नियम मोडून बसलेला असतो.

यवतमाळच्या मेडिकल कॉलेजला त्वचारोग ओपीडीत तो गेला. निदान अनुवंशिकच निघालं. आधी कपाळाची जळलेली कातडी बरी करायला तीन आठवडे गेले. मग 5 टक्के मिनॉक्सिडिल, दिवसातून दोनदा एक-एक मिली. हे औषध मुळात रक्तदाबाच्या गोळीचं. गोळी खाणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले तेव्हा हा उपयोग लक्षात आला, आणि 1988 मध्ये अमेरिकेत ते डोक्याला लावायला मंजूर झालं. डॉक्टरांनी फिनास्टराइडच्या गोळीचंही सांगितलं होतं. ती डीएचटीच कमी करते, पण काहींना लैंगिक तक्रारी होतात, मन खचल्याच्याही नोंदी आहेत. बाबूची झोप तेव्हाच धड नव्हती, मित्रांच्या वरातीत जाणं त्याने सोडलं होतं. हे मी त्याला डॉक्टरांपुढे सांगायला लावलं, आणि गोळी तूर्त नको असं ठरलं. काही लावायच्या बाटल्यांमध्ये मिनॉक्सिडिलसोबत फिनास्टराइड मिसळलेलं असतं. दुकानातून घेताना ते वाचून घे, हेही मी त्याला बजावलं.

"मग हे जनमभर लावाचं?"

हो. सोडलं की तीन-चार महिन्यांत कमावलेलं जातं. महिन्याला सहाशे, वर्षाला सात हजार दोनशे. त्याने लगेच पऱ्हाटीच्या बियाण्यात हिशेब केला, आठ बॅगा. मी गप्प बसले. हे त्याचं त्याने तोलायचं होतं. काहीच न लावता केस बारीक कापून राहणं हाही एक रस्ता आहे, तेही मी सांगितलं आणि मनापासून सांगितलं. त्याने एक वर्ष पाहायचं ठरवलं. अटी तीनच: या काळात दुसरं काही नाही, पुड्या बंद, आणि महिन्याच्या एक तारखेला गोठ्याच्या दारात, सकाळी त्याच उजेडात, एकच फोटो.

पाचव्या आठवड्यात त्याचा फोन आला, आवाज रडवेला. केस आणखी गळत होते. सुरुवातीला हे होतं, जुने केस सुटतात. पण आधी सांगितलेलं अशा वेळी आठवत नाही. त्या दिवशी आम्ही वीस मिनिटं बोललो, त्यातली पंधरा एका नात्याबद्दल. पोरीवाले येऊन गेले होते आणि तो टोपी घालून बसला होता. आईने टोपी काढ म्हटलं नव्हतं, याचं त्याला वाईट वाटत होतं.

पुढच्या वेळी तो टोपी न घालता बसला. ती सोयरीक जुळली नाही, जमिनीवरून फिसकटली. "केसावरून नाही मॅडम," हे त्याने मला दोनदा सांगितलं.

आठ महिन्यांच्या फोटोंमध्ये टाळू थोडी भरलेली दिसते. कपाळाचे कोपरे तसेच आहेत. तो म्हणाला, वर्ष पुरं करतो, मग पाहू.

मागच्या महिन्यात तो परत आला, या वेळी काकाच्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन. पोराच्या डोक्यावर रुपयाएवढा गोल चट्टा, आणि डोक्याला कांद्याचा वास.

"हे माह्यासारखं नाही ना? गोल हाये. कांदा याले चालते म्हनत होते ना तुमी?"

मी म्हटलं, चाई असेल, पण लेकराच्या डोक्यात गजकर्णही असाच दिसतो, आणि त्याला पोटातून गोळी लागते. आधी डॉक्टरांना दाखवू. ओपीडी एकला बंद होते, पावणेएक झाले होते. बाबूने पोराचा हात धरला आणि आम्ही तिघं निघालो.