भर पावसात घर बघ

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

ह्यूस्टनला घर घेण्यासाठी केलेली तुझी एक्सेल शीट मिळाली. केटी, फुलशिअर, शुगर लँड, पेअरलँड, सायप्रस, सगळी ह्यूस्टनची उपनगरं. प्रत्येकापुढे शाळेचं रेटिंग, मेडिकल सेंटरपासूनचं अंतर, स्क्वेअर फुटाचा भाव, एचओएची, म्हणजे तिथल्या सोसायटीची फी, देऊळ किती मैलांवर आणि इंडियन ग्रोसरी किती मिनिटांवर. रंगसुद्धा भरलेस. खाली लिहिलंयस, "काका, सगळंच हिरवं दिसतंय, त्यामुळे गोंधळ अजून वाढलाय." वाढणारच. ज्या रकान्याने निम्मी शीट लाल झाली असती तो पाण्याचा रकानाच तू घातलेला नाहीस.

सांगलीच्या मुलीने हे विसरावं याचा मला खरंच राग आला. ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट झालं हे विचारल्याशिवाय आपल्याकडे कुणी पेपर उघडत नाही. धोक्याची पातळी ४५ फूट, हे तुला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगशील. २०१९ला ते ५७ फुटांवर गेलं तेव्हा तुमच्या गल्लीत बोट फिरत होती. नंतर दुसरा प्लॉट घेताना तुझे बाबा पुराची निळी रेषा कुठे आणि लाल रेषा कुठे हे विचारायला पाटबंधारे खात्यात खेटे घालत होते. आणि त्यांची मुलगी ह्यूस्टनला घर बघताना किचनमध्ये क्वार्ट्झ आहे की ग्रॅनाइट हे विचारते!

तेव्हा माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तू शोधत बसायला नको. भर पावसात उभं राहून बघितल्याशिवाय कुठल्याही घराच्या कागदावर सही करायची नाही. एवढंच. बाकी शाळा, अंतर, देऊळ यात तुम्ही दोघं शहाणे आहात.

सांगलीचा आणि इथला एक फरक मात्र समजून घे. आपल्याकडे सांगलीत स्वतःचा पाऊस थोडका, पूर येतो तो वरून, कोयनेच्या खोऱ्यातून. धरणातून किती सोडलं ते कळतं, सामान माडीवर चढवायला वेळ मिळतो. ह्यूस्टनला पूर सहसा नदीतून वरून येत नाही, डोक्यावर पडतो तोच पूर. जमीन परातीसारखी सपाट आणि खाली चिकण माती, त्यामुळे पाणी मुरायला तयार नाही. वाहून न्यायला बफेलो, ब्रेझ, व्हाइट ओक असे संथ बायू, म्हणजे इथले ओढे. इथले रस्तेसुद्धा मोठ्या पावसात पाणी साठवायला आणि वाहून न्यायला म्हणूनच बांधलेले आहेत. रस्त्यात गुडघाभर पाणी बघून नवा माणूस घाबरतो, पण ते ठरल्याप्रमाणेच चाललेलं असतं. बघायचं हे की ते फुटपाथ ओलांडून गवतावर चढतं का, आणि गवतावरून तुझ्या उंबऱ्याकडे येतं की शेजाऱ्याकडे जातं. हे उन्हात कळत नाही. सेल्सवाली बाई एसी लावून आणि कुकीज भाजून मॉडेल होम दाखवते तेव्हा तर मुळीच कळत नाही.

आता तुझ्या शीटमधली सगळ्यात हिरवी ओळ घेतो, केटीकडची. केटीच्या आसपास पूर्वी भाताची शेती आणि गवताळ माळ होता, पाणी धरून ठेवणारा. आता तिथे छपरं आणि काँक्रीट. त्याच्या पूर्वेला अ‍ॅडिक्स आणि बार्कर ही दोन धरणं आहेत. १९२९ आणि १९३५च्या पुरांनंतर शहर वाचवायला लष्कराच्या इंजिनिअरांनी ती बांधली. बार्कर १९४५मध्ये पूर्ण झालं, अ‍ॅडिक्स १९४८मध्ये. एरवी ती कोरडी असतात, आत बागा आहेत, लोक सायकली फिरवतात, त्यामुळे आपण धरणाच्या पोटात उभे आहोत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मेख अशी आहे की धरण काठोकाठ भरलं तर पाणी जिथवर पोचेल तेवढी सगळी जमीन सरकारने घेतलीच नव्हती. उरलेल्या जमिनीवर बिल्डरांनी वसाहती उभ्या केल्या. काही ले-आउटच्या नकाशांवर बारीक अक्षरात टीप होती की ही जागा बुडू शकते. ती टीप वाचतो कोण? ऑगस्ट २०१७मध्ये हार्वे वादळ आलं, चार दिवसांत बऱ्याच भागांत ३० ते ४० इंच पाऊस पडला आणि त्या टिपेप्रमाणे झालं. धरणाच्या पाठीमागची हजारो घरं पाण्याखाली गेली. मग दरवाजे उघडल्यावर खाली बफेलो बायूच्या काठची गेली. वरच्या बाजूच्या घरमालकांचं नुकसान ही सरकारची जबाबदारी आहे असं २०१९च्या डिसेंबरमध्ये फेडरल कोर्टाने सांगितलं. न्याय मिळाला म्हण हवं तर. दरम्यान दोन वर्षांहून अधिक काळ गेला होता.

"पण काका, पूरनकाशावर आमचा झोन एक्स आहे, म्हणजे कमी धोक्याचा, फ्लड इन्शुरन्स सक्तीचा नाही असं बिल्डर म्हणतो." तो खोटं बोलत नाही. बँक सक्ती करते ती फक्त शंभर वर्षांच्या पुराच्या पट्ट्यात. पण हार्वेमध्ये हॅरिस काउंटीत, म्हणजे ह्यूस्टनच्या जिल्ह्यात, दीड लाखाहून जास्त घरांत पाणी गेलं आणि त्यातली निम्म्याहून अधिक घरं त्या पट्ट्याच्या बाहेरची होती. पट्ट्याच्या आत तरी काय हिशेब आहे? दरवर्षी १ टक्का शक्यता. तू आकडेवारीतली आहेस, ३० वर्षांच्या कर्जाला लावून बघ. साधारण २६ टक्के येतात. चारात एक. इतक्या शक्यतेचं औषध तू लॅबमधून बाहेर जाऊ देशील का? शिवाय २०१८मध्ये पावसाचे आकडे नव्याने काढले, तेव्हा २४ तासांतला शंभर वर्षांचा पाऊस काही भागांत १३ इंचांवरून १८च्या घरात गेला. जुन्या नकाशावरची रेघ जुन्या पावसाची आहे. इन्शुरन्स सक्तीचा नसला तरी घ्यायचाच. साध्या होमओनर्स पॉलिसीत पुराचं पाणी धरत नाहीत. आणि नवी फ्लड पॉलिसी लागू व्हायला एरवी ३० दिवस लागतात, म्हणजे वादळ टीव्हीवर दिसल्यावर एजंटला फोन करून काही उपयोग नाही.

तुला वाटत असेल काका केटीच्या विरुद्ध आहेत. तसं नाही. केटीत कोरडी राहिलेली घरं भरपूर आहेत आणि शहराच्या आत बुडालेली भरपूर आहेत. तुझ्या कामाच्या जवळचं मायरलँड घे. ब्रेझ बायूच्या काठचं, २०१५, २०१६ आणि २०१७, लागोपाठ तीन वर्षं पाण्यात. आता तिथे एक घर जमिनीलगत बैठं आणि शेजारचं पुरुषभर उंच जोत्यावर, पुढे लांबलचक जिना, असं दिसतं. २०१८पासून शहराचा नियमच आहे की पूरक्षेत्रातलं नवं घर पाचशे वर्षांच्या पुराच्या पातळीहून २ फूट वर हवं. त्यामुळे मायरलँडमधलं उचललेलं घर मला फुलशिअरच्या नव्याकोऱ्या घरापेक्षा कमी काळजीचं वाटतं. यावर लोक मला वेड्यात काढतात. काढोत. तुझं मेडिकल सेंटरसुद्धा २००१ साली अ‍ॅलिसन वादळात बुडालं होतं, तळघरांत पाणी शिरून प्रयोगशाळांची वर्षानुवर्षांची कामं गेली. मग त्यांनी पाणबुडीला शोभतील असे दरवाजे बसवले. पहिल्या दिवशी बेसमेंटला जाऊन तो दरवाजा बघून ये.

शुगर लँडबद्दल थोडक्यात. तिथे ब्रेझोस नदी आहे आणि बऱ्याच वसाहती बांधाच्या, म्हणजे लेव्हीच्या आत आहेत. नदी बाहेर राहते, पण आत पडलेला पाऊस पंपाने बाहेर काढावा लागतो. तेव्हा तिथे पंपांची चौकशी कर, क्लब हाउसची नंतर. आणि कुठल्याही नव्या वसाहतीत "लेक व्ह्यू"चे जादा पैसे मागितले की हसून घे. ते तळं बहुतेक वेळा डिटेन्शन पाँड असतं, पावसाचं पाणी साठवायला खणलेलं. असावंच, पण तळ्याला पाणी कुठून येतं आणि भरल्यावर कुठे जातं ते विचार. नव्या वसाहतींत मड (म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट) टॅक्सही जास्त असतो. पाणी, गटारं घालायला काढलेलं कर्ज फिटेपर्यंत तो तुमच्याच डोक्यावर. टेक्सासला स्टेट इन्कम टॅक्स नाही म्हणून जावईबापू खूश आहेत, त्यांना हे बिल दाखव.

महिनाअखेरपर्यंत सही केली तर बिल्डर व्याजदर कमी करून देतोय, असं तू लिहिलंयस. अगं, महिनाअखेरची ऑफर दर महिनाअखेरीला असते. एक वर्ष भाड्याने राहा. जून ते नोव्हेंबर हा वादळांचा मोसम अंगावरून जाऊ दे. भाड्याचं घर घेतानासुद्धा विचार. २०२२पासून टेक्सासमध्ये घरमालकाला लेखी सांगावं लागतं की घर पूरक्षेत्रात आहे का आणि गेल्या ५ वर्षांत पाणी आलं होतं का. विकणाऱ्यालाही २०१९पासून आधीचं पाणी आणि धरणाच्या पोटातली जागा उघड करावी लागते. ते कागद मागून घे आणि वाच. पण त्यांच्यावर विसंबू नकोस.

घरात गेलीस की गॅरेजमध्ये जा, तिथे रंगरंगोटीला कुणी पैसे घालत नाही. भिंतीला तिरका टॉर्च लाव. जमिनीपासून साधारण चार फुटांवर आडवा सांधा दिसला, खालचा पोत गुळगुळीत आणि वरचा खरबरीत, तर समज. पाणी ओसरल्यावर ड्रायवॉल, म्हणजे भिंतीचं जिप्समचं अस्तर, चार फुटांवर कापतात, कारण चार फुटी शीट आडवी बसते आणि काम पटकन होतं. खालचे प्लग पॉइंट नवे पांढरे आणि वरचे स्विच पिवळट पडलेले, हेही बघ. एजंट म्हणेल "रीमॉडेल्ड". मग बाहेर येऊन शेजारच्या म्हाताऱ्याशी बोल. अमेरिकन म्हातारा गवत कापताना भेटला आणि तू हार्वेचं विचारलंस, की तो मशिन बंद करून तासभर बोलतो. पाऊस लागला की कामावरून सुट्टी घे, गाडी काढ (पाणी साठलेल्या रस्त्यात घालू नकोस, एवढी अक्कल तुला आहे), आणि कोपऱ्यावर थांबून बघ. हॅरिस काउंटी प्रत्येक बायूची पातळी वेबसाइटवर ताजी दाखवते. आयर्विनचे आकडे बघत वाढलेल्या मुलीला तो आलेख कुणी समजावून द्यायला नको.

आता तू म्हणशील, तुम्ही काय केलंत? आम्ही ह्यूस्टनच्या स्प्रिंग ब्रांच भागात साठच्या दशकातलं बैठं घर घेतलं. स्वयंपाकघर अरुंद, बाथरूम गुलाबी टाइल्सचं, छताला पॉपकॉर्नसारखा जुन्या पद्धतीचा दाणेदार गिलावा. तुझ्या काकूचं मन शुगर लँडमध्ये होतं. सगळी मंडळी तिकडेच, गणपती तिकडे, मराठी शाळा तिकडे. मी पावसात उभा राहून हे घर बघितलं होतं, तिकडचं तसं बघायला मिळालं नव्हतं, म्हणून मी अडून बसलो. त्याची किंमत लेकीने दिली, हे मला कळतं. तिच्या मैत्रिणी वीस-पंचवीस मैलांवर, तिथे त्या सायकलवरून एकमेकींकडे जायच्या आणि ही खिडकीत बसून माझी वाट बघायची. आज ती बोलून दाखवते तेव्हा मला उत्तर सुचत नाही. तरी हार्वेत आमच्या पायरीपर्यंतही पाणी आलं नाही आणि बार्करच्या मागची एक जवळची मंडळी आमच्या हॉलमध्ये गाद्या घालून राहिली. सकाळी चहाला मी म्हणालो, "मी सांगितलं होतं." काकूने माझा कप उचलून आत नेला. ते बोलायला नको होतं असं तिचं अजूनही मत आहे. मी अजूनही म्हणतो की कुणीतरी ते बोलायलाच हवं होतं, आणि आधी मोठ्याने बोलायला हवं होतं. तुला इतकं लांबलचक लिहितोय ते त्यासाठीच.

जाण्यायेण्याचं एकच सांगतो. केटीहून मेडिकल सेंटर गूगलवर रात्री दहाला बघू नकोस, मंगळवारी सकाळी सातला बघ. शाळांचं तू माझ्यापेक्षा जास्त वाचलंयस. देऊळ कुठूनही लांबच आहे, गाडीत बसून स्तोत्र म्हणायची सवय होते.

पुढच्या महिन्यात तुम्ही दोघं येताय तर हॉटेल करू नका, आमच्याकडेच उतरा. शीट घेऊन ये, तुझ्या पाच वसाहतींचे पत्ते फ्लड मॅपवर आणि धरणांच्या नकाशावर टाकून ठेवतो. फुलशिअरवाल्या बिल्डरला भरलेले टोकनचे पैसे परत मिळण्याची मुदत कधी संपते ते आजच करारात बघून मला कळव. जावईबापूंना वाद घालायचा असेल तर जेवणाआधी घालू दे, जेवल्यावर मी झोपतो.

तुझा,
काका