अमेरिकेतल्या चर्चची गर्दी ओसरली, वजन किती उरलं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : न्यू जर्सीला असलेला माझा मुलगा म्हणतो, तिकडची चर्च ओस पडताहेत. टीव्हीवर मात्र तिथला प्रत्येक पुढारी देवाचं नाव घेऊनच भाषण संपवतो. धर्माचा राजकारणातला प्रभाव घटला म्हणायचं की नाही?
(एक वाचक, डिचोली)

उत्तर : मुलगाही बरोबर आणि टीव्हीही. गर्दी, मतं आणि सत्ता वेगवेगळी मोजा, म्हणजे घोळ होणार नाही.

गर्दी घटली यात वाद नाही. गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीनुसार १९९९ साली ७० टक्के अमेरिकन कुठल्या ना कुठल्या चर्चचे, सिनेगॉगचे (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचे) किंवा मशिदीचे सभासद होते. २०२० मध्ये ४७ टक्के. प्यू या संशोधन संस्थेच्या मोजणीत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे २००७ मध्ये ७८ टक्के होते, २०२३-२४ मध्ये ६२. अलीकडची काही वर्षं मात्र ही घसरण थबकली आहे. तेव्हा वीस वर्षांत धर्म संपणार, असली भाकितं मनावर घेऊ नका.

मतपेटीतला वाटा सावकाश उतरतो, कारण चर्चला जाणारी वयस्क मंडळी मतदान चुकवत नाहीत आणि धर्म न मानणारे तरुण सर्रास चुकवतात. सत्ता तर त्याहून उशिरा हलते. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश तहहयात बसतात, सिनेटमध्ये राज्य केवढंही असो, जागा दोनच. गर्भपाताचा १९७३ पासूनचा घटनात्मक हक्क याच न्यायालयाच्या निकालाने २४ जून २०२२ रोजी गेला, म्हणजे चर्चचे सभासद निम्म्याखाली आल्यावर!

गेली आहे ती पटवून देण्याची ताकद. नोव्हेंबर २००४ मध्ये समलिंगी विवाहबंदी ११ राज्यांत मतदानाला आली आणि अकराही ठिकाणी मंजूर झाली. आठच वर्षांनी मेन, मेरिलँड आणि वॉशिंग्टन या राज्यांच्या मतदारांनी अशा विवाहांना मान्यता दिली. २०२४ च्या रिपब्लिकन जाहीरनाम्यातून तर 'विवाह म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री' ही व्याख्याच गायब झाली. जाहीरनामा वाचताना काय घातलंय यापेक्षा काय गाळलंय ते आधी पाहावं.

प्रश्न : कॅन्ससमध्ये ट्रम्प सहज जिंकतात. तिथल्याच लोकांनी गर्भपाताच्या बाजूने मतं कशी दिली?
(एक वाचक, फोंडा)

उत्तर : फोंड्याच्या माणसाला हे कोडं पडू नये. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोवेकरांनी महाराष्ट्रात विलीनीकरण नाकारलं आणि दोनच महिन्यांनी विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच पुन्हा निवडून दिलं. पक्ष निवडणं वेगळं, एका मुद्द्यावर कौल देणं वेगळं.

कॅन्ससची रचना बघा. राज्यघटनेतलं गर्भपाताचं संरक्षण काढायचं असेल तर 'हो', ठेवायचं असेल तर 'नाही'. मतदान ठेवलं २ ऑगस्ट २०२२ ला, पक्षांतर्गत उमेदवार निवडीच्या दिवशी. त्या दिवशी एरवी मतदान कमी होतं, आणि जे होतं त्यात रिपब्लिकन जास्त. कुठल्याच पक्षात नाव न नोंदवलेल्यांना उमेदवार निवडता येत नाही, पण या प्रश्नावर मत देता येत होतं, आणि ते लोटले. सुमारे ५९ टक्के 'नाही' पडले. डाव उलटला तो इथे.

तरीही नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये ओहायोत गर्भपाताच्या हक्काला सुमारे ५७ टक्के मिळाले आणि तो मंजूर झाला. पुढच्या वर्षी फ्लोरिडातही ५७ च्या आसपास मिळाले, तिथे मात्र पडला. फ्लोरिडात घटनादुरुस्तीला ६० टक्के लागतात, ओहायोत साधं बहुमत पुरतं. ओहायोतही ६० ची अट घालण्याचा प्रयत्न ऑगस्ट २०२३ मध्ये झाला होता. मतदारांनी तो हाणून पाडला, म्हणूनच नोव्हेंबरचे ५७ कामी आले.

प्रश्न : गोरे एव्हँजेलिकल एके ठिकाणी १४ टक्के वाचले, दुसरीकडे पाव. खरं काय?
(एक वाचक, म्हापसा)

उत्तर : दोन्ही. एव्हँजेलिकल म्हणजे बायबलला अंतिम प्रमाण मानणारे ख्रिस्ती. पीआरआरआय ही पाहणी संस्था सगळ्या प्रौढांमध्ये त्यांतले फक्त गोरे प्रोटेस्टंट मोजते: २००६ मध्ये २३ टक्के, २०२० मध्ये सुमारे १४. मतदान केंद्राबाहेरच्या पाहणीत फक्त मतदार असतात, आणि स्वतःला एव्हँजेलिकल म्हणवणारा गोरा कॅथलिकही त्यात धरला जातो, म्हणून पाव. या पाव मतदारांतले पाचातले चार रिपब्लिकनांकडे जातात. मात्र उमेदवार त्यांच्याच पसंतीचा ठरतो असं नाही. आयोवा राज्यातल्या पक्षांतर्गत उमेदवार निवडीत हकाबी (२००८), सँटोरम (२०१२) आणि क्रूझ (२०१६) यांना त्यांनी जिंकवलं, राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी तिघांपैकी एकालाही मिळाली नाही.

प्रश्न : आमच्याकडे 'पोर्तुगिजांच्या वेळी असं नव्हतं' म्हणणारे आता थोडेच उरले. अमेरिकेतलं गतकाळाचं वेडही असंच विरेल का?
(एक वाचक, मडगाव)

उत्तर : वेड विरलेलं नाही, त्यातला माल बदलला. १९७९ मध्ये धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांनी 'मॉरल मेजॉरिटी' ही संघटना काढली तेव्हा ओढ होती शाळेतल्या प्रार्थनेची. आज ओढ आहे कारखान्यांची आणि बंद सीमेची. ट्रम्प यांच्या घोषणेतले 'पुन्हा महान' हे शब्द रेगन यांनी १९८० मध्येच वापरले होते.

गंमत म्हणजे ज्या जुन्या धार्मिक अमेरिकेसाठी उसासे टाकले जातात, तिचा बराचसा साज १९५० च्या दशकात, सोव्हिएत रशियाला निरीश्वरवादी ठरवण्याच्या भरात चढवलेला आहे. ध्वजप्रतिज्ञेत देव आला १९५४ ला, 'देवावर आमची श्रद्धा' हे राष्ट्रीय ब्रीद झालं १९५६ ला आणि कागदी नोटांवर छापलं जाऊ लागलं १९५७ पासून. घरी कुणा तारवट्याने (जहाजावरच्या खलाशाने) आणलेली त्याआधीची डॉलरची नोट असेल तर उलटून बघा, ती ओळ सापडायची नाही. नाण्यांवर मात्र ती १८६४ पासून आहे, तेव्हा पैज लावायची तर नोटेवरच लावा.